अपूर्ण विहिरीची नैतिक जबाबदारी

जिंकलेल्या पक्षाला विचार करण्याचे कारण उरत नाही आणि हरलेल्या पक्षाला दुसरे कामच उरत नाही; त्यामुळे लोकशाहीत जो काही विचार होतो, तो सर्व पराभूतांकडूनच होतो. हे सत्य राज्यशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत आढळत नाही, कारण ती पुस्तके निवडून आलेल्या लोकांनी मंजूर केलेली असतात. स्थापनेपासून एकदाही न हरलेल्या पक्षाच्या डोक्यात कोणते विचार साठून राहिलेले असतात, हे पाहण्याची संधी अभ्यासकांना क्वचितच मिळते. वाशीम भागात, मानोऱ्याच्या अंगाला, पंचायत समितीच्या एका मतदारसंघात ती सत्त्याहत्तर सालच्या पोटनिवडणुकीने मिळवून दिली. तिची नोंद न करणे हा ज्ञानाशी द्रोह ठरेल.

पक्षाचे नाव येथे देत नाही. त्याची गरजही नाही. त्या मुलखात पक्ष म्हटले की एकच समजला जाई आणि उरलेल्या सर्वांना मिळून ‘ते दुसरे’ म्हणण्याची पद्धत होती. त्या वर्षी ते दुसरे निवडून आले.

पक्षाचे उमेदवार पंजाबराव हे तालुकाध्यक्ष होते आणि स्वभावाने अत्यंत लोकाभिमुख. लग्न, बारसे, तेरवी यांत ते जेवल्यावाचून यजमानाचे समाधान होत नसे (त्यांचे तर होत नसेच). विजयाच्या मिरवणुकीसाठी त्यांनी मंगरूळपीरहून बँड आगाऊ मागवून ठेवला होता. बँडवाल्यांनी निकाल ऐकला, आपापसांत विचारविनिमय केला आणि आपले काम वाजवण्याचे आहे, मिरवणूक कोणाची हे पाहण्याचे नाही, असे ठरवून ते त्या दुसऱ्यांच्या पुढे चालू लागले. पक्ष सोडून जाणाऱ्यांत त्यांचा क्रमांक पहिला लागतो. इतरांनी निदान अंधार पडेपर्यंत वाट पाहिली.

मतदानाचा हिशेब सरळ होता. सर्व गावांत मते नेहमीप्रमाणे पडली होती. रतनसिंगाचा तांडा ही बंजाऱ्यांची वस्ती मात्र आजवर एकजात पक्षाला मत देत असे. या खेपेस तिने एकजात दुसऱ्यांना दिले. तांड्याच्या एकोप्याचे पक्षाने यापूर्वी अनेकदा जाहीर कौतुक केले होते, ते मागे घेणे आता शक्य नव्हते.

पहिले काही दिवस पराभवाचे खापर शास्त्रोक्त क्रमाने फोडण्यात आले: प्रथम पावसावर, मग मतदान केंद्रावरील मास्तरावर, मग शाईवर. इतक्यात राज्य कार्यालयाचे परिपत्रक येऊन थडकले. त्यात पराभवाची नैतिक जबाबदारी स्वीकारणाऱ्या कार्यकर्त्याचे नाव कळवावे, पक्ष अशा त्यागी व्यक्तीच्या ‘योग्य पुनर्वसनाचा’ विचार करील, असे म्हटले होते. पुनर्वसन म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. मागे दूरच्या एका जिल्हाध्यक्षाने भर सभेत अशीच नैतिक जबाबदारी स्वीकारली होती, उपरण्याने डोळेही पुसले होते, आणि उपरणे वाळायच्या आत तो राज्य घोंगडी व काथ्या विकास महामंडळाचा अध्यक्ष होऊन लाल दिव्याच्या गाडीतून गावी आला होता. त्याच्या अश्रूंविषयी तालुक्यात तेव्हापासून मोठा आदर होता.

परिपत्रकाचे वाचन जिनिंगच्या शेडमध्ये, सरकीच्या ढिगाशेजारी झाले. वाचले सचिव जानराव यांनी. वाचून होताच एकदम तीन हात वर झाले.

“जबाबदारी माह्यी हाये,” पंजाबराव म्हणाले. “उमेदवार म्या होतो.”

“तुमी नुसते उभे होते, पंजाबराव,” पक्षाचे कोषाध्यक्ष शिखरचंद म्हणाले. त्यांचे शिरपूरच्या बसस्टँडसमोर कापडाचे दुकान होते आणि तालुक्याच्या बांधकाम उपसमितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते. “उभं तं कोनीबी राह्यते. पाडाले अक्कल लागते.”

“म्हंजे तुमी पाडलं मले?”

“मंग! मेहनत करून पाडलं. अन् आता नाव तुमचं? वा रे इन्साफ!”

जानरावांनी परिपत्रकाची घडी घातली आणि शांतपणे सांगितले, “कागदोपत्री पाहाल तं जबाबदारी सचिवाचीच असते, भाऊ.”

जो पक्ष विजयाच्या काळात कधी एका सतरंजीवर बसला नाही, तो पराभवाच्या मालकीसाठी पहिल्यांदा एकत्र आला. सभा रात्रीपर्यंत चालली असती. पण सरकीला ऊब धरू लागली होती आणि आगीच्या भीतीने जिनमालकाने दिवे काढून घेतले.

तोडगा निघेना, तेव्हा राज्य कार्यालयाने पौष महिन्यात निरीक्षक धाडले. ते सकाळच्या पॅसेंजरने जऊळक्याला उतरले आणि जीपने पुढे आले. निरीक्षक हे तर्कशास्त्राचे माजी प्राध्यापक होते. कार्य आणि कारण यांचा संबंध तपासण्यात त्यांची हयात गेली होती, आणि पक्षात आल्यापासून असा संबंध कोठेही न आढळल्याने ते काहीसे खिन्न असत. त्यांनी पहिल्याच दिवशी मूलगामी प्रश्न विचारला: ज्या गोष्टीची जबाबदारी घ्यायची, तिचे कारण आधी ठरायला नको काय? त्याबरोबर तिघेही दावेदार जीपमध्ये बसले आणि ही चौघांची समिती तांड्यावर पोहोचली.

तांड्यावर तेव्हा धडधाकट माणूस उरलेला नव्हता. दिवाळी झाली की कर्ती मंडळी ऊस तोडायला जात, मागे म्हातारीकोतारी आणि लहान मुले राहत. त्या वर्षी त्यांच्यात गंगूची भर पडली होती. तिला दिवस गेले होते, म्हणून तिच्या नवऱ्याने, प्रेमसिंगने, तिला आपल्या आईपाशी ठेवले होते. ही आई म्हणजे भागिरथाबाई. समितीला सामोऱ्या आल्या त्या भागिरथाबाई आणि तांड्याचे नाईक रतनसिंग.

“आपल्या मतपरिवर्तनाची कारणमीमांसा काय?” निरीक्षकांनी विचारले.

“काय म्हंते हा?” भागिरथाबाईंनी नाईकांना विचारले.

“इचारते, मत काहून नाही देल्लं.”

“हात्तेरी! मंग तसं इचार ना, बाप्पा. ये इकडं, दाखोतो.”

त्यांनी समितीला तांड्यामागच्या उतारावर नेले. तिथे एक विहीर होती. विहीर हा शब्द येथे सौजन्याने वापरला आहे. बहात्तरच्या दुष्काळी कामात ती खोदायला घेतली, काळा दगड लागेपर्यंत खोदली, आणि दगड लागल्यावर काम जे थांबले ते थांबलेच. पाणी दगडाच्या खाली होते. ते आहे असे पाणाड्याने सांगितले होते, भूजलाच्या साहेबांनी सांगितले होते आणि पंजाबरावांनी तर प्रत्येक प्रचारसभेत सांगितले होते. तोवर तांड्यावरच्या बायका नाल्याच्या वाळूत झिरा उकरीत, त्यात साचेल ते पाणी वाटीने घागरीत भरीत आणि चढण चढून येत.

“पंजाबरावले दरसाल म्हणो, भाऊ, हीर पुरी कर. थो म्हणे, होते ना मावशी, होते. मंग मताच्या दिशी त्यानं इचारलं, मत देता ना? आमी बी म्हटलं, होते ना भाऊ, होते.”

पंजाबरावांनी आकाशाकडे पाहिले.

“वैशाखात माह्यी सून बाळंत होते,” भागिरथाबाई पुढे म्हणाल्या. त्यांचा आवाज किंचित बदलला होता, पण तो मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता. “तिले झिऱ्यावर धाडू काय म्या? मले आता चढण होत नाही. वैशाखाच्या आंधी हीर करून द्या. मंग कोनालेबी जबाबदार धरा, आमचं काई म्हनणं नाही.”

निरीक्षक काठावर वाकून आत पाहत होते. आपल्या दर्शनशास्त्रात अभावाचे प्रकार सांगितले आहेत. वस्तू निर्माण होण्यापूर्वी ती नसते, तो प्रागभाव. नष्ट झाल्यावर नसते, तो प्रध्वंसाभाव. आणि जी मुळी कधी नव्हती, नाही व नसेल, तिचा अत्यंताभाव. इतका शुद्ध नमुना त्यांनी प्रथमच पाहिला असावा.

“या विहिरीतील पाण्याचा अभाव नेमका कोणत्या प्रकारचा म्हणायचा?” ते स्वतःशीच पुटपुटले.

“कोरडा,” भागिरथाबाई म्हणाल्या.

कारण सापडले. तांड्याने मते फिरवली म्हणून पक्ष हरला. विहीर थांबली म्हणून तांड्याने मते फिरवली. तेव्हा ज्याने विहीर थांबवली, त्याने पक्ष हरवला. आता प्रश्न उरला तो एवढाच, की विहीर थांबवली कोणी? गेली चार वर्षे हाच प्रश्न तांड्याने प्रत्येक कचेरीत विचारला होता आणि प्रत्येक ठिकाणी त्याला ‘आम्ही नाही’ असे एकमुखी उत्तर मिळाले होते. आता त्याच प्रश्नाला तीन उत्तरे मिळाली, आणि तिन्ही उत्तरे अभिमानाने, छाती पुढे काढून देण्यात आली. पराभव माणसाला सत्याच्या किती जवळ नेतो, याचे हे उदाहरण शाळांतून शिकवले जावे.

सुनावणी पंचायत समितीच्या विश्रामगृहात झाली. पंजाबरावांनी सांगितले की, तांड्यावरच्या एका लग्नात आधीच्या सभापतींना बसायला गादी दिली होती आणि त्यांना मात्र नुसती खाट. त्याच संध्याकाळी त्यांनी इंजिनियरच्या कानात ‘सध्या राहू द्या’ असे तीन शब्द सांगितले. विहीर त्या तीन शब्दांवर थांबली आहे. एवढ्या मोठ्या खड्ड्याला इतक्या थोड्या शब्दांत अडवून धरणारा वक्ता पक्षात दुसरा कोण आहे, असा त्यांचा सवाल होता.

शिखरचंदांनी शब्दांना महत्त्व देण्याचे नाकारले. दगड शब्दांनी फुटत नाही, तो कॉम्प्रेसरने फुटतो. आणि तांड्यावरचा कॉम्प्रेसर त्यांनी उचलून नेला होता. पक्षाच्या तालुका अधिवेशनाच्या मांडवाला खड्डे करायचे होते, म्हणून तो आणला. अधिवेशन संपले, ठराव विरले, पण कॉम्प्रेसर त्यांच्या गोदामापुढे निंबाखाली तसाच राहिला. पुरावा म्हणून त्यांनी पत्नी कंचनबाई यांना हजर केले.

“चार उन्हाळे झाले, साहेब, मी त्याच्यावर पापड वाळवून राह्यली,” कंचनबाईंनी साक्ष दिली. “लोखंड लवकर तापते. खाटेपेक्षा चांगले वाळतात. खाऊन पाहा.”

निरीक्षकांनी खाऊन पाहिले. मुगाचे होते. त्यांनी दोनदा मागून घेतले आणि पुरावा ‘कुरकुरीत व विश्वासार्ह’ असल्याचा शेरा मारला.

जानरावांचा दावा सर्वांत शेवटी आला आणि त्याने तर्कशास्त्रज्ञाचे मन हेलावून टाकले. “मी काहीच केलं नाही,” ते म्हणाले. बांधकाम उपसमितीचे कागदही तेच पाहत आणि कामाची फाईल त्यांच्या टेबलावर होती. पंजाबरावांचे तीन शब्द इंजिनियर एखाद्या दिवशी विसरला असता. कॉम्प्रेसर तर कंचनबाईंचे पापड संपताच परत मागवता आला असता. पण फाईल पुढे न सरकवणे हे एकदा करून संपणारे काम नव्हे. ते रोज, सकाळी कचेरीत येऊन, नव्याने न करावे लागते. “या दोघांनी एकेका दिवशी थांबोली. मी रोज थांबोली. रजेच्या दिवशी सुद्धा.” निरीक्षकांनी चष्मा काढून पुसला. निष्काम कर्माविषयी त्यांनी उभ्या आयुष्यात पुष्कळ वाचले होते. निष्काम अकर्म ते प्रथमच समोर पाहत होते.

निर्णय अवघड झाला, म्हणून तांड्याची साक्ष महत्त्वाची ठरली. त्यामुळे पंजाबराव दुसऱ्या दिवशी एकटेच भागिरथाबाईंच्या दारी गेले. या वेळी ते खाटेवर स्वतःहून बसले.

“मावशी, साहेबाले सांग ना, हीर म्याच थांबोली म्हून.”

“कायले खोटं बोलू? मरीमायच्या देवळात तू शपथ घेतली होती. म्हणे, म्या थांबोली असन तं माह्या तोंडात किडे पडतीन.”

“थे खोटं होतं, मावशी.”

“अन् आता खरं कायवरून?”

“आता खोटं बोलून माह्या फायदा काय?”

भागिरथाबाईंनी बराच विचार केला. मग त्या म्हणाल्या, “बरं. सांगतो. साऱ्या तांड्याले सांगाले लावतो. पण आंधी हीर पुरी करून दे.”

पंजाबरावांचा चेहरा उजळला आणि लगेच विझला.

“हीर पुरी केली तं म्या थांबोली होती, हे कोन मानन, मावशी?”

प्रश्न बिनतोड होता. चार वर्षे विहीर न होण्याला सबळ कारण नव्हते. आता ते मिळाले होते. पूर्ण झालेली विहीर ही केवळ विहीर असते. अपूर्ण विहीर हा पुरावा असतो.

“मंग माह्या सुनेचं काय?”

“होते ना, मावशी,” पंजाबराव सवयीने म्हणाले.

तांड्याने यावर जो मार्ग काढला, तो अविचाराचाच म्हणावा लागेल. नाईक रतनसिंग यांनी घरातली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, काढली, आणखी काही म्हाताऱ्यांनी घण, टोपली, दोर अशी सामग्री जमवली आणि ही माणसे स्वतःच विहिरीत उतरली. त्यांच्यातल्या बहुतेकांना खाली उतरायला आधार लागे आणि वर यायला दोन आधार. तरीही दगडाची एक कड उडाली. तिची बातमी तालुक्याला पोहोचली आणि पक्षाच्या कार्यालयात भर पौषात घाम फुटला. सिद्ध व्हायच्या आतच कारण नष्ट होऊ घातले होते!

निवडून आलेल्या दुसऱ्यांनाही कमी काळजी नव्हती. त्यांचा विजय त्याच विहिरीतून वर आला होता. तिला पाणी लागले, की तांडा पुन्हा मूळ पक्षाकडे झुकणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. मग पंचायत समितीच्या इतिहासात पूर्वी कधी न घडलेली गोष्ट घडली. दोन्ही बाजूंनी एकमताने ठराव केला: ‘सदर विहिरीची बाब चौकशीअधीन असल्याने तिच्या स्थितीत कोणीही, सद्हेतूनेसुद्धा, सुधारणा करू नये.’ सूचक पंजाबराव गटाचे, अनुमोदक दुसऱ्यांचे. ठरावानंतर दोघांनी एकमेकांना पेढे भरवले. तांड्यावर पोलीस पाटील ठराव वाचून दाखवायला आला, तेव्हा रतनसिंग विहिरीत होते. त्यांना वर ओढून घेऊन मग ऐकवण्यात आला.

वर आल्यावर नाईकांनी निरीक्षकांची गाठ घेतली. “साहेब, म्या अडाणी मानूस. पण सीधी गोष्ट हाये. हीर पुरी करून टाका अन् पुढच्या टायमाले आमची सारी मतं घेऊन जा. तुमचंबी भलं, आमचंबी भलं.”

निरीक्षकांना हा साधेपणा आवडला. त्यांनी नाईकांना जवळ बसवून घेतले आणि आकडे समजावून सांगितले. त्यांनी संपूर्ण मतदारसंघाची पाहणी केली होती. जिथे पक्षाने विहीर पूर्ण करून दिली, तिथे पक्षाला शेकडा बेचाळीस मते पडली होती, कारण पाणी प्यायल्यावर माणूस स्वतंत्रपणे विचार करू लागतो. जिथे विहिरीचे नुसते आश्वासन दिले, तिथे शेकडा एकाहत्तर. जिथे आश्वासनही दिले नव्हते, तिथे शेकडा अठ्ठ्याऐंशी (या गावांना पक्षाकडून काही मागता येते हीच वार्ता नव्हती). आणि जिथे काम सुरू करून थांबवले, त्या एकट्या तांड्यावर शून्य.

“म्हंजे?” रतनसिंगांनी विचारले.

“म्हणजे चूक थांबवण्यात झालेली नाही, नाईक. चूक सुरू करण्यात झाली.”

निरीक्षकांचा अहवाल याच सिद्धांतावर उभा होता. पक्षाच्या पुढील वाटचालीची दिशा त्याने कायमची निश्चित केली, असे आज म्हणता येते. यापुढे पक्षाने कोणत्याही कामाचा प्रारंभ करू नये. प्रारंभ केला की अपेक्षा निर्माण होते, अपेक्षेतून स्मरणशक्ती आणि स्मरणशक्तीतून पराभव. भूमिपूजनास हरकत नाही, कारण त्यात नारळ फुटतो, जमीन फुटत नाही. कोनशिला बसवाव्यात, मात्र त्या उचलून दुसरीकडे नेता येतील अशा हलक्या दगडाच्या असाव्यात. काम न केल्याबद्दल वेळोवेळी जाहीर खेद व्यक्त करावा. जनतेला पाण्याची सवय नसते, खेदाची असते.

नैतिक जबाबदारी तिघांत समान वाटून देण्यात आली. पंजाबराव राज्य कोरडवाहू मत्स्यविकास महामंडळाचे अध्यक्ष झाले. शिखरचंदांना यंत्रसामग्री जतन मंडळ मिळाले, ज्यासाठी त्यांचा अनुभव निर्विवाद होता. जानरावांची निवड पक्षाच्या प्रशिक्षण विभागाचे प्रमुख म्हणून झाली. तरुण कार्यकर्त्यांना नवी दिशा तेच शिकवतात. त्यांच्या वर्गाला वेळापत्रक नाही, पाठ्यक्रम नाही आणि ते स्वतःही सहसा येत नाहीत, पण निकाल उत्तम लागतो.

इतके झाल्यावर विहिरीचा प्रश्न मिटायला हरकत नव्हती. पण ज्या खड्ड्याने पक्षाला विचार दिला, तो बुजू देणे किंवा (त्याहून वाईट) भरू देणे कृतघ्नपणाचे ठरले असते. म्हणून विहिरीला पराभव स्मारकाचा दर्जा देऊन तिच्याभोवती घडीव दगडाची भिंत आणि लोखंडी फाटक करण्याचे ठरले. आरंभ करू नये हा नियम याला लागू नव्हता. कारण स्मारके लोकांसाठी नसतात. फाल्गुनात ट्रक भरून दगड आले, सिमेंट आले, आणि पायाच्या खोदाईसाठी निंबाखालचा कॉम्प्रेसरही परत आला. तो पहिल्या झटक्यात सुरू झाला. त्याचा आवाज ऐकून भागिरथाबाई धावत आल्या. त्यांच्यामागून गंगू आली, पोट सावरीत, हळूहळू.

“अवो भाऊ,” त्या यंत्र चालवणाऱ्याला म्हणाल्या, “आलाच हायेस तं दोन हात आत बी मार ना. वैशाख तोंडावर हाये.”

“आत नाही मारता येत, मावशी. आत पुरावा हाये.”

“गोटे आले, शिमिट आलं, मशीन आली. इतकं सारं भितीले भेटते, मंग हिरीले काहून नाही?”

“मले काय इचारता? मले भाहेरून खोदाले सांगतलं, म्या भाहेरून खोदून राह्यलो.”

त्याने खरोखरच विहिरीच्या चहूबाजूंनी अतिशय चांगला काळा दगड फोडला. त्याच्या कौशल्याबद्दल उद्घाटनात त्याचा शाल देऊन सत्कार झाला. गंगू त्या दिवशी झिऱ्यावर गेलेली असल्याने तिला समारंभ पाहता आला नाही.

वैशाखात ती बाळंत झाली. मुलगा झाला. त्याच दिवशी योगायोगाने स्मारकाला पहिले अभ्यासमंडळ आले होते. अकोल्याकडचे कार्यकर्ते होते. जीपमधून सुरया भरून घेऊन आले होते. परतताना सुरयांत थोडे पाणी उरले, ते कोणी तरी भिंतीच्या मुळाशी ओतून टाकण्याच्या बेतात असता भागिरथाबाईंनी फाटकातून घागर आत सरकवली. “तिथं नोको सांडू, बाप्पा. इथं दे.” मुलाला पहिली अंघोळ त्या पाण्याने घालण्यात आली. पुरले. लहान मूल होते.

पक्षाने या घटनेची तत्काळ दखल घेतली. एकही काम सुरू न करता तांड्यावर पाणी पोहोचले होते. नव्या दिशेची याहून मोठी कसोटी कोणती? फाटकावर आता तेलरंगात सूचना आहे: ‘येथे पिण्याचे पाणी मिळत नाही. अभ्यागतांनी सोबत आणावे व उरलेले फाटकाशी द्यावे.’ वार्षिक अहवालात या व्यवस्थेचा उल्लेख पाणीपुरवठा या सदराखाली केला जातो.

अलीकडे येणाऱ्यांत कार्यकर्ते थोडे आणि वाचन-मनन करणारी, आपल्यासारखी जाणती मंडळी अधिक असतात. ती कठड्याला टेकून आत डोकावतात, पंजाबरावांना हसतात, पापडांना हसतात, जानरावांना तर फारच हसतात, आणि ‘काय हे राजकारणी लोक’ असे एकमेकांना सांगतात. चढण बरीच आहे, ऊन तापलेले असते आणि हसण्याने घसा कोरडा पडतो. त्यामुळे आणलेले पाणी बहुधा तिथल्या तिथेच संपते. आपणही इथवर हसत आला आहात. भागिरथाबाई फाटकाशी घागर घेऊन उभ्या आहेत. तांब्यात काही उरले आहे का, ते जरा पाहावे.